मोकळा आवाज

"ओळखा पाहू, मी कोण?" असं कुणी काकांना विचारलं की आम्ही जाणती मंडळी दोन पावलं मागे सरकायचो. डोळ्यांनी दिसत नसलेल्या माणसाशी हा खेळ खेळलाच पाहिजे, अशी लोकांची का कोण जाणे, पक्की समजूत असते. काका मान जराशी तिरकी करत आणि इतक्या आदबीनं विचारत, "का हो, आपण स्वतःच विसरलात का? घरी कुणाला फोन लावू?" एकदा एका नगरसेवकाच्या वाट्याला हे आलं. त्याच्या बरोबरच्या पोरांना हसू आवरेना. काका मात्र गंभीर. खरं तर त्यांनी त्याला पहिल्या शब्दाला ओळखलं होतं. मला नंतर म्हणाले, "आवाज ओळखीचा होता हो. पण माझी परीक्षा घेणारे हे कोण?"

त्यांचं सगळ्यांशी अहो-जाहो. माझ्याशी, चहावाल्याशी, भाजीवालीशी. कॉम्प्युटर अडकला तर त्यालासुद्धा "अहो, काय झालं तुम्हाला?" आणि हे सगळं बोलणं असं स्वच्छ, की जणू धुऊन इस्त्री केलेलं. उल्हासनगरच्या एका सरकारी ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर म्हणून त्यांनी आयुष्य काढलं होतं. त्यांनी "नमस्कार, बोला" म्हटलं की पलीकडचा माणूस खुर्चीत सरळ होऊन बसत असणार, याची मला खात्री आहे.

मी स्वतः उल्हासनगरची, कॅम्प नंबर चारची. आई जळगावकडची, शेजार सगळा सिंधी, मैत्रिणी हिंदी बोलणाऱ्या, त्यामुळे माझी मराठी म्हणजे बाजारात वाढलेलं पोर. काकांसमोर पहिल्याच दिवशी मी "शालेत असताना" असं काहीतरी बोलून गेले. झालं. "शाला नाही हो, शा-ळा. जीभ मागे न्या. अजून मागे. टाळूला टेकवा. घाबरू नका, गिळली जाणार नाही." भर मीटिंगमध्ये! मी पण तोंडाची फटकळ. म्हटलं, "काका, कोड लिहायला जीभ लागत नाही." मला वाटलं आता हा माणूस माझ्याशी जन्मात बोलणार नाही. तर ते इतके खूश झाले की त्यांनी खिशातली लिमलेटची गोळी काढून मला दिली. पण शाळा सोडली नाही. पुढे कित्येक रविवार, दारातून आत शिरले की आधी "म्हणा, शाळा."

रविवार म्हणजे आमच्या मंडळाचा दिवस. ज्या सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांसाठी उघडा असतो, कुणीही बघावा, दुरुस्त करावा, पुढे वाटावा, अशा सॉफ्टवेअरचं वेड लागलेली आम्ही मूठभर माणसं अंबरनाथला एका कोचिंग क्लासच्या रिकाम्या वर्गात जमायचो. लोक त्याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. काकांना तो शब्द खपायचा नाही. "मुक्त झाला म्हणजे गेला. अहो, मुक्ती मेल्यावर मिळते. जिवंत आहे तोवर मोकळं म्हणा." म्हणून आमच्यात सगळं मोकळं. मोकळं सॉफ्टवेअर, मोकळी अक्षरं, मोकळे नकाशे.

आणि मोकळं म्हणजे फुकट नव्हे, हे ते डोक्यात हातोडा मारल्यासारखं सांगत. मोकळं म्हणजे ज्याचं आहे त्यानं राजीखुशीनं परवानगी दिलेली. मोबाइलवर सुविचार आला की हे पाठवणाऱ्याला उलट विचारणार, "लेखक कोण? त्यांना विचारलंत का?" बिल्डिंगच्या आवारातला कढीपत्ता सगळे ओरबाडतात, पण काका चार पानांसाठी ज्या बाईंनी झाड लावलं त्यांचा दरवाजा वाजवायचे. त्या बाई वैतागून म्हणाल्या म्हणे, "काका, घ्या हो कधीपण!" तर काका म्हणाले, "हे ‘कधीपण’ मी लक्षात ठेवलं आहे." आणि तेव्हापासून विचारायचे बंद झाले. आम्ही हसायचो. पण त्यांचं ते खूळ नव्हतं, धर्म होता.

त्यांच्या लॅपटॉपची गंमत सांगितलीच पाहिजे. त्याचा स्क्रीन केव्हाचा फुटलेला, काळाठिक्कर. त्यांनी तो कधीच दुरुस्त केला नाही. "मला काय करायचंय हो स्क्रीन?" त्यांचं मशीन बोलायचं. पडद्यावर जे असेल ते मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम असतो, तो त्यांनी इतक्या वेगात लावलेला, की कढईत मोहरी तडतडतेय असं वाटावं. ते त्यातून अख्खं पान समजून घ्यायचे. आणि काही अडलं की लॅपटॉप आमच्याकडे सरकवून म्हणायचे, "बघा बरं काय झालंय." बघणार काय, कपाळ? आम्ही डोळे असलेली माणसं त्या काळ्या काचेसमोर मख्ख बसायचो, आणि काका मनापासून एन्जॉय करायचे.

तर त्यांचं दुखणं होतं ते या बोलणाऱ्या मशीनचंच. इंग्रजी छान बोलायचं. हिंदीही बरं. मराठी म्हणजे हिंदी बाईला नऊवारी नेसवून उभी केलेली. च सगळे एकाच छापाचे. "चहातला च वेगळा, चमच्यातला च वेगळा, एवढं तिसरीतल्या मुलाला कळतं," काका तडकायचे. "परवा लेखाखाली म्हणाला, ‘पुढे वाचा.’ पण चहातला च लावून. वाचा! कुणाची वाचा? ऐकून माझीच बसली." असल्या तक्रारी ते जगभरच्या प्रोग्रामरांना शुद्ध इंग्रजीत लिहून पाठवत आणि शेवटी एक ओळ घालत, उत्तराची घाई नाही, मी रिटायर झालो आहे. पलीकडचा प्रोग्रामर बिचारा मुकाट्यानं दुरुस्ती करून द्यायचा.

शेवटी आम्ही ठरवलं की तक्रारी पुरे, मराठीचा आपला मोकळा आवाज आपणच बनवायचा. त्याला एका माणसाचा खराखुरा आवाज लागतो. त्यानं पुष्कळ वाक्यं वाचायची, मग त्यातून मशीन बोलायला शिकतं. एकदा का तो आवाज मोकळा करून सोडला, की कुणीही घ्यावा, कुठेही वापरावा. दवाखान्यात, बसमध्ये, शाळेत. परत मागता येत नाही. आम्ही बदलापूरपासून डोंबिवलीपर्यंत माणसं शोधली. काकांनी सगळ्यांना नापास केलं. एक निवेदक होता, लग्नसमारंभात सूत्रसंचालन करणारा, त्याला म्हणाले, "आपला आवाज फार सुंदर आहे. अडचण एवढीच, की तो आपल्यालाही माहीत आहे." मग आमच्यातला जितू एक दिवस वैतागून बोलला, "काका, सब फेल है तो तुम्हीच द्या ना यार!"

जितूचं उल्हासनगरला मोबाइलचं दुकान. सिंधी पोरगा, मराठी बोलतो ती रिव्हर्स गिअरमध्ये, पण आवाज, स्पीकर, माइक यात त्याचा हात कुणी धरणार नाही. त्याच्या मामाचं फर्निचर बाजारात गाद्यांचं गोदाम. जितू म्हणाला, स्टुडिओला काय जायचं, गादी आवाज खाती है. आणि खरंच, चारी बाजूंनी फोमच्या थप्प्या, मध्ये स्टुलावर काका, एका कानात इअरफोन, त्यात मी सांगितलेलं वाक्य, आणि त्यांचं ते स्वच्छ उच्चारलेलं "चुलत्यांच्या चाळीतल्या चोरानं चार चमचे चोरले". बाहेर टेम्पोत सोफे चढताहेत, "उधर से पकड, उधर से" चाललंय, आणि आत हा माणूस प्रत्येक शब्द जिभेवर तोलून ठेवतोय. मला ते दुपारचे तास फार आवडायचे. एरवी मी त्यांच्याशी इतकी भांडायचे, पण तिथं बसलं की वाटायचं, आपण काहीतरी चांगलं करतोय. हे रोज वाटत नाही हो. कंपनीत तर कधीच नाही.

आवाज तयार व्हायला आला तेव्हा आम्ही मेळावा घ्यायचं ठरवलं. मोकळ्या सॉफ्टवेअरची माणसं सगळीकडून बोलवायची, अंबरनाथला शाळेचा हॉल घ्यायचा, आणि दुपारच्या सत्रात हा आवाज सगळ्यांसमोर मोकळा करायचा. काका म्हणाले, नाव साधं ठेवा, ‘मोकळ्या संगणकाचा मेळावा’. जितू म्हणाला, "काका, मेळावा बोले तो पार्टीवाले लोक का लगता है, नेता येणार, झेंडा लागणार." पण काकांपुढे कुणाचं चाललंय? मग धावपळ सुरू झाली. चहा कोण देणार, पाहुण्यांना बदलापुरात कुठं उतरवायचं, हॉलमधल्या पायऱ्यांना पिवळी पट्टी चिकटवा, जेवणात कांदा-लसूण नको म्हणणारे किती. माझ्या फोनला तर श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

मेळाव्याच्या आठवड्यातच बॅनर आला. जितूनं स्वतः टाइप करून छापून आणलेला. वर्गात भिंतीवर लावला आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. काकांनी आमच्या गप्प बसण्यावरूनच ताडलं. खिशातून मोबाइल काढला, बॅनरसमोर धरला. त्यात छापील अक्षरं वाचून दाखवायची सोय होती आणि नवा आवाज त्यांनी चाचणीसाठी घालून घेतला होता. मोबाइल काकांच्याच आवाजात, ठणठणीत बोलला, "मोकल्या संगणकाचा मेलावा."

जितूनं कपाळाला हात लावला. मी मनात म्हटलं, आता जितूचं काही खरं नाही. मला एका ळसाठी कित्येक रविवार रगडलं होतं, इथं तर दोन-दोन गेले होते, आणि ‘मेळावा’चा पार ‘मेला’ झाला होता. काकांनी पुन्हा मोबाइल धरला. पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला कळेना. राग नव्हता तो. "राहू दे," ते म्हणाले. "असंही म्हणतात." आणि बरं वाटत नाही म्हणून लवकर निघाले. जितू बिचारा इतका शरमला, की त्यानं काकांना बाइकवर घालून थेट वांगणीला घरी सोडलं.

आणि तिथं त्यानं दुसरा घोळ घातला. काका हातपाय धुवायला आत गेले, तेवढ्यात या शहाण्यानं काकूंचा मोबाइल मागून घेतला आणि त्यातही तो नवा आवाज घालून दिला. काकूंनाही दिसत नाही, त्यांचाही फोन बोलणारा. "आंटी को सरप्राइज," असं त्यानं मला खुशीत येऊन सांगितलं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. "मेळावा होऊ द्या. आवाज मात्र द्यायचा नाही."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "काका, कार्यक्रमात छापलंय. माणसं त्याच्यासाठी येतायत. का पण?"

"घरात परवानगी नाही," एवढं म्हणाले आणि फोन ठेवला. आयुष्यभर फोनवर बोललेला माणूस, "ठेवतो" म्हटल्याशिवाय कधी फोन ठेवायचा नाही.

मी स्कूटी काढली ती तडक वांगणीला. चिखलोली, बदलापूर, सगळ्या रस्ताभर मनात भांडण तयार करत गेले. म्हटलं, काकूंना सांगायचं, किती माणसांना उपयोग आहे याचा, ज्यांना दिसत नाही, ज्यांना वाचता येत नाही. तीन वर्षांची मेहनत पाण्यात घालायची का? असं अगदी मुद्देसूद. नव्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याला त्यांचं घर. काकू पूर्वी खुर्च्या विणायच्या, अजून त्यांच्या हाताला स्वस्थ बसणं ठाऊक नाही. लसूण सोलत बसल्या होत्या. काका बाल्कनीत, पाठ करून. मला कुणी "म्हणा, शाळा" म्हटलं नाही.

"बस," काकू म्हणाल्या. "यांच्याशी भांडू नकोस. मी सांगितलंय नको म्हणून."

"काकू, पण का?"

"सकाळी हे दूध आणायला गेले होते. मी भाजी चिरत होते. मागून हे म्हणाले, ‘बॅटरी संपत आली आहे.’ मी म्हटलं, आलात इतक्यात? दूध ठेवा तापायला. तर काही नाही. परत तेच. मी म्हटलं, ऐकलं मी, दूध ठेवा आधी. मग उठले, हात पुढं केला. तर कुणीच नाही गं. माझा हात तसाच हवेत."

त्यांनी सोललेली पाकळी ताटलीत टाकली.

"तुमच्याकडे नवऱ्याचा फोटो असतो. मी यांना बघितलेलं नाही, यांनी मला नाही. मी म्हातारी दिसते का, हे गोरे का काळे, आम्हाला काय ठाऊक? माझ्याकडे यांचं तोंड म्हणजे तो आवाज. आता तो बँकेत बोलणार, बसमध्ये बोलणार, शेजारणीच्या मोबाइलमध्ये बोलणार. मग मी ‘अहो’ म्हणून हाक मारायची ती कुणाला?"

रस्ताभर रचलेले माझे सगळे मुद्दे जागच्या जागी बसले. राग मात्र गेला नाही, उलट वाढला, कारण आता तो कुणावर काढायचा तेच कळेना. काकूंचं खोटं नव्हतं. माझंही खोटं नव्हतं. ज्या बाईला डॉक्टरची चिठ्ठी वाचता येत नाही तिनं तरी काय करायचं? मी तिथं बसून नुसती कुढत राहिले.

बाल्कनीतून काका म्हणाले, "चूक माझी आहे. चार पानं कढीपत्ता घेताना मी परवानगी विचारत होतो. हिला विचारलंच नाही. मला वाटलं, आवाज माझा आहे."

मी उठले. पर्स उचलली. कार्यक्रमातून दुपारचं सत्र काढायचं, लोकांना काय सांगायचं, तेच डोक्यात फिरायला लागलं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "थांब. मोबाइलमधलं मी एकच वाक्य ऐकलंय. एवढी वर्षं हे त्या गाद्यांत जाऊन काय बोलत होते, ते मला ऐकव तरी. मग जा."

मी माझा लॅपटॉप उघडला. म्हटलं, काय बोलायला लावू? काकूंनी विचार केला. "पाणी दे, असं म्हणायला सांग."

मी टाइप केलं. मशीन बोललं, "पाणी दे." काय तो ण! टाळूवर ठेवून बोटानं टिचकी मारावी असा. काकूंच्या कपाळाला आठी पडली. "आता म्हणायला सांग, जेवण झालं का?"

"जेवण झालं का?" मशीननं विचारलं.

काकू हसायला लागल्या. आधी बारीक, मग इतक्या, की पदर तोंडाला लावला. मला वाटलं, यांना काही झालं तर नाही! "अगं, हे कोण?" त्या म्हणाल्या. "हे तर ऑफिसातले! हे घरात कुठं असं बोलतात? ‘पानी दे गो.’ ‘जेवन झाला का गो?’ डोळा नाही म्हणत, डोला म्हणतात. काल्या चहात साखर कमी पडली तर..."

"अहो!" बाल्कनीतून काका ओरडले. खरंच ओरडले. "पुरे!"

शा-ळा म्हणत माझी जीभ ताणणारा माणूस घरात डोला म्हणतो? मी चटकन हसणारच होते, पण काकांचा चेहरा बघितला आणि हसू आतच राहिलं. कानापर्यंत लाल झाले होते.

"आता हिच्यापासून काय लपवताय?" काकू म्हणाल्या.

मग काका आत येऊन बसले आणि हळूहळू सांगायला लागले. बारवी धरणाच्या बाजूचं गाव त्यांचं. भातशेतीचं घर. लहानपणीच अंधशाळेच्या वसतिगृहात ठेवलं. तिथं पानी म्हटलं की पोरं दिवसभर तोच शब्द ओरडत मागे फिरायची. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात साहेबानं यांच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि सगळ्यांसमोर विचारलं, हा गावठी इथं कुणी बसवला? "तेव्हापासून जीभ घासली हो," काका म्हणाले. "इतकी घासली, की आईशीसुद्धा शुद्ध बोलायला लागलो. ती गप्प बसायची. तिला वाटायचं, साहेब आलाय घरात. ती गेली तेव्हाही मी तिच्याशी शुद्धच बोलत होतो. हिच्याशी लग्न झालं, आणि पहिल्या दिवशी तहान लागली तेव्हा तोंडातून पानी गेलं. ही हसली नाही. उठून पानी आणून दिलं. मग मी म्हटलं, इथं चालेल."

"काल बॅनरच्या वेळी..." मी म्हटलं.

"तो फोन माझ्या आवाजात मोकला म्हणाला ना, ती आई होती. आई असंच म्हणायची. दुरुस्त काय करायचं त्यात?"

मला रडू आलं. का ते विचारू नका, आलं. दोघांनाही दिसत नव्हतं म्हणून मी बिनधास्त रडले, तर काकू म्हणाल्या, "नाक पूस आधी," आणि लसणाच्याच हातानं मला फडकं दिलं. मग त्या काकांकडे वळल्या. "आणि तुम्ही ऐका. हा ऑफिसातला आवाज खुशाल द्या. तो माझा कधी नव्हताच. इतकी वर्षं अख्ख्या उल्हासनगरनं ऐकला, आणखी चार माणसं ऐकतील. मी उगाच घाबरले." त्यांनी लसणाची टरफलं पदरातून झटकली. "पण माझ्या मोबाइलमधून काढ गं तो," काकूंनी मला बजावलं. "घरात मला साहेब नको."

मेळावा झाला. बॅनर बदलायला काकांनी साफ नकार दिला. बाहेरून आलेली माणसं फोटो काढताना तोंडावर हात धरून हसत होती, आणि जितू प्रत्येकाला सांगत होता, "हमने जानबूझ के किया है, आर्ट है." दुपारी मी बटण दाबलं आणि आवाज मोकळा झाला. मशीननं सगळ्या हॉलला नमस्कार केला, चमच्याचे आणि चहाचे च वेगवेगळे करून दाखवले, टाळ्या पडल्या. काका स्टेजवर ताठ बसून होते. काकू पहिल्या रांगेत.

मग प्रश्नांची वेळ झाली. मागच्या बाजूनं एक बाई उठल्या. बारवीकडच्या पाड्यांवर आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई. पाड्यावरच्या बायकांना दवाखान्याचे मेसेज वाचून दाखवण्यात यांचा अर्धा दिवस जातो, म्हणून मीच त्यांना बोलावलं होतं. त्यांनी हातात माइक घट्ट धरला आणि म्हणाल्या, "आवाज लय चांगला हाय. पन आमच्या बायांना तो मास्तरसारखा वाटंल. त्या घाबरतील. आमच्या घरात बोलतात तसा नाय का बोलनार?"

हॉलमध्ये थोडी चुळबुळ झाली. काकांनी माइक जवळ ओढला. "तुम्ही या. आपल्याकडे गाद्यांचं गोदाम आहे. तुमचा आवाज आपण घेऊ, तुमच्या बायकांचे घेऊ. मी स्वतः बसतो तुमच्याबरोबर. आणि एक ळ दुरुस्त करणार नाही, शब्द देतो."

"मी येन," ताई म्हणाल्या. "पन तुमी पन तिकडचंच ना? मघाशी कोनतरी सांगत व्हता. मग तुमाला येतच आसंल आमचा बोलना. तुमीच द्या की तो आवाज."

स्टेजच्या कडेला उभी होते तिथून मला दिसलं, काकांनी दोन्ही हातांनी गुडघे धरले होते. आयुष्यभर जगाला उघडं करा, वाटा, मोकळं करा असं सांगत आलेला माणूस, आणि समोर त्यांचीच माणसं बसलेली.

"आहे तो आवाज माझ्याकडे," ते म्हणाले. "पण तो मोकळा नाही. त्याची मालकीण पहिल्या रांगेत बसली आहे. परवानगी तिला विचारा."

सगळा हॉल काकूंकडे वळला. कुणीतरी माइक घेऊन धावलं. काकूंनी तो हातानं बाजूला सारला, मान स्टेजकडे, काकांच्या दिशेला वळवली, आणि हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, "नाय देनार."